फ्लशिंगच्या ग्रंथालयातला इंग्रजी बोलण्याचा वर्ग

मी सांगली जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होते. 2000 साली राज्यात पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं, आम्हा मराठी माध्यमाच्या शिक्षकांची प्रशिक्षणं झाली आणि तिथून निवृत्तीपर्यंत मी लहान मुलांना इंग्रजी शिकवत आले. बडबडगीतं, चित्रकार्डं, शब्दपट्ट्या सगळं केलं. इंग्रजी पेपर मी वाचते, अर्ज लिहिते, वाक्यात काळ कुठे चुकलाय ते चटकन दिसतं. पण इंग्रजीत कुणाशी सलग पाच मिनिटं बोलायची वेळ उभ्या नोकरीत आली नव्हती. तालुक्याच्या गावी ती कुणावर येते?

निवृत्तीनंतर मुलाने आमचं ग्रीन कार्ड केलं आणि यजमान नि मी त्याच्याकडे न्यूयॉर्कला, क्वीन्समधल्या फ्लशिंगला राहायला आलो. सात नंबरची सबवे जिथे संपते ते फ्लशिंग. स्टेशनच्या बाहेर पाऊल टाकलं की मेन स्ट्रीट, आणि दोन्ही बाजूंना चिनी नि कोरियन पाट्या. भाजी बोट दाखवून घेता येते. बाऊन स्ट्रीटवर 1977 पासून गणपतीचं मोठं देऊळ आहे, त्याच्या तळघरातल्या कँटीनमध्ये डोसा मिळतो आणि हिंदीत कुणी ना कुणी बोलायला भेटतं. इथे इंग्रजीवाचून काही अडत नाही असं सुरुवातीला वाटतं. अडतं ते फोनवर.

माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या संपत आल्या होत्या. दवाखान्यात फोन लावला. पलीकडची मुलगी भराभर काहीतरी म्हणाली, मी पुन्हा सांगा म्हटलं, ती त्याच वेगाने पुन्हा म्हणाली. जन्मतारीख विचारतेय एवढं कळलं. इथे महिना आधी सांगायचा असतो, मी दिवस आधी सांगितला, तिच्या कागदावर माझं नावच सापडेना. शेवटी ‘होल्ड’ म्हणून संगीत लागलं आणि थोड्या वेळाने फोन तुटला. संध्याकाळी मुलगा कामावरून आला आणि त्याने एका मिनिटात ते काम केलं. त्यात त्याला काहीच त्रास नव्हता. मला मात्र झोप आली नाही. ज्या बाईने शंभर मुलांच्या आईबापांशी, केंद्रप्रमुखांशी, सरपंचांशी बोलून शाळा चालवली, तिने स्वतःच्या औषधासाठी मुलगा घरी यायची वाट बघावी, हे मला सहन होण्यासारखं नव्हतं.

ग्रंथालयाचं सुनेने सांगितलं. ती म्हणाली, “आई, तुम्ही रोज फिरायला जाता त्याच रस्त्यावर आहे की. मेन स्ट्रीट आणि किसेना बुलेव्हार्डच्या कोपऱ्यावर. तिथे इंग्रजी बोलायचे वर्ग असतात, पैसे लागत नाहीत.” काचेची ती मोठी इमारत मी बाहेरून पाहिली होती, पण ते सरकारी ऑफिस असेल अशी माझी समजूत होती. आत गेले तर तळापासून वरपर्यंत माणसंच माणसं. पेपर वाचणारे म्हातारे, गृहपाठ करणारी मुलं, पाळणागाडी घेऊन आलेल्या आया. वरच्या मजल्यावर जगभरच्या भाषांची पुस्तकं, त्यात हिंदी आणि बंगाली कपाटंही होती. कार्ड काढायला ओळखपत्र आणि पत्ता दाखवणारा एक कागद लागला, बाकी काही नाही. पुस्तक उशिरा परत केलं तरी दंड नाही, न्यूयॉर्कच्या सगळ्या सार्वजनिक ग्रंथालयांनी 2021 पासून तो बंदच केला आहे.

हे सगळं फुकट कसं, हा प्रश्न मला स्वस्थ बसू देईना. म्हणून तिथल्याच संगणकावर बसून मी थोडं वाचून काढलं. न्यूयॉर्क शहरात सार्वजनिक ग्रंथालयांच्या तीन वेगवेगळ्या संस्था आहेत. मॅनहॅटन, ब्राँक्स आणि स्टेटन आयलंड यांची एक, ब्रुकलिनची एक आणि आमची क्वीन्सची एक. 1901 साली अँड्र्यू कार्नेगी यांनी शहराला शाखा बांधायला 52 लाख डॉलर दिले, तेही अशा अटीवर की जागा शहराने द्यायची आणि पुढे चालवायचा खर्चही शहरानेच सोसायचा. मला ही अट फार शहाणपणाची वाटते. देणगीतून इमारत उभी राहते. दिव्याचं बिल आणि पगार दरवर्षी कुणीतरी भरावे लागतात. पुढे 1965 च्या अमेरिकेच्या स्थलांतर कायद्याने माणसाच्या मूळ देशावर बेतलेला प्रवेशाचा जुना कोटा गेला, आशियातून माणसं मोठ्या संख्येने येऊ लागली, आणि क्वीन्सच्या ग्रंथालयाने 1977 साली नव्याने आलेल्यांसाठी स्वतंत्र कार्यक्रम सुरू केला. 2020 च्या जनगणनेत क्वीन्सची वस्ती 24 लाखांच्या पुढे होती आणि इथली जवळपास निम्मी माणसं दुसऱ्या देशात जन्मलेली आहेत. अशा ठिकाणी इंग्रजी शिकवणं हे ग्रंथालयाचं जोडकाम राहत नाही, पुस्तक देण्याइतकंच ते मुख्य काम होतं.

वर्ग दोन प्रकारचे. एक रीतसर अभ्यासक्रमाचा. त्याला सत्राच्या सुरुवातीला नाव नोंदवायचं, तोंडी चाचणी द्यायची, पातळीप्रमाणे गट ठरतो आणि जागा भराभर भरतात. दुसरा नुसता संभाषणाचा. गोल टेबलाभोवती बसायचं आणि बोलायचं. पुस्तक नाही, परीक्षा नाही, हजेरीची सक्ती नाही. मी आधी दुसऱ्यालाच गेले, कारण मला हवं ते तिथेच होतं.

आमच्या वर्गाच्या बाई स्वयंसेवक आहेत. आयुष्यभर दुसरी कसलीशी नोकरी केली आणि निवृत्तीनंतर इथे येतात. मी शिक्षिका, त्यामुळे त्या काय बोलतात याच्याइतकंच त्या कसं शिकवतात याकडे माझं लक्ष असायचं. त्यांची एक गोष्ट माझ्या पहिल्याच दिवशी ध्यानात आली. बोलणाऱ्याला त्या मध्ये तोडत नाहीत. कोलंबियाची एक तरुण मुलगी सांगत होती की काल मी जाते दुकानात आणि दुकान बंद आहे. काळ सगळे चुकलेले. बाईंनी मान डोलावली आणि विचारलं, “अच्छा, काल तू गेलीस आणि दुकान बंद होतं? मग काय केलंस?” दुरुस्त वाक्य प्रश्नातून तिच्या कानावर घातलं आणि गोष्ट पुढे नेली. पुढच्या वाक्यात त्या मुलीने क्रियापद बरोबर वापरलं. तिला सुधारल्याचा पत्तासुद्धा नव्हता.

आमच्याकडे आम्ही काय करायचो? मूल उभं राहायचं, वाक्य सुरू करायचं, पहिली चूक झाली की आम्ही थांबवायचो, फळ्याकडे वळायचो, नियम सांगायचो. धडा ओळीओळीने वाचायचा आणि मराठीत अर्थ सांगायचा. पट चाळीसचा, अभ्यासक्रम संपवायचा, गुण लेखी परीक्षेचे. त्या चौकटीत दुसरं करणं अवघडच होतं हे मला माहीत आहे. पण मूल वाक्याच्या शेवटापर्यंत पोचण्याआधी अडवलं गेलं, की पुढच्या वेळी ते वाक्य सुरूच करत नाही. हे मी खालच्या बाकावर बसून अनुभवलं आणि मगच मला पूर्ण कळलं.

आणखी एक. त्या वर्गात सगळे तोडकंमोडकंच बोलतात, पण कुणालाही दुसरा मार्ग नाही. हा फरक फार मोठा आहे. सांगलीत मी दुसऱ्या मराठी बाईशी इंग्रजीत बोलले तर ते नाटक होतं. दोघींनाही ठाऊक असतं की मराठीत हे काम सहज होईल. फ्लशिंगच्या टेबलावर माझ्या शेजारी चीनच्या वेन्झोऊकडची एक बाई बसते. माझ्याच वयाची, तिचंही नातवंडांसाठी येणं झालं. तिला मराठी येत नाही, मला चिनी येत नाही, आणि दोघींना एकमेकींशी बोलायची खरोखर इच्छा आहे. मग जे असेल ते इंग्रजी पणाला लावावंच लागतं.

आमची गट्टी जमली ती कारल्यावरून. बाईंनी विषय दिला होता, आज घरी काय शिजवलं. जोड्या पाडल्या. तिने शब्द शोधला, सापडेना, मग वहीत चित्र काढलं. लांबट, अंगावर उंचवटे. मी ओळखलं. मोबाइलमध्ये माझ्याकडच्या कारल्याचा फोटो दाखवला, काटेरी, गडद हिरवं. ती मान हलवत म्हणाली, नाही नाही, माझं मोठं, फिकट, उंचवटे गुळगुळीत. मग सुरू झालं. ती मीठ लावून ठेवते, मीही मीठ लावते. ती पाणी पिळून टाकते, मी पण. पुढे वाटा फुटल्या. ती त्यात अंडं फोडते! मी गूळ आणि चिंच घालते हे ऐकून तिचे डोळे विस्फारले. कडू भाजीत गोड कशाला, हे तिने हातवारे करून विचारलं आणि त्याचं उत्तर देता देता मला ‘कारण’, ‘म्हणून’, ‘तरीसुद्धा’ हे सगळे जोडशब्द बोलण्यात वापरावे लागले, जे मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आले होते. वेळ संपल्याचं बाईंनी सांगितलं तेव्हा आम्ही दोघी अजून मिठाच्या प्रमाणावर होतो. पुढच्या आठवड्यात ती डबा घेऊन आली. अंडं मी खात नाही हे तिच्या लक्षात राहिलं होतं, म्हणून नुसतं लसणावर परतलेलं. मी गूळ घातलेलं नेलं. तिने दोनदा घेतलं.

ऐकणं हे बोलण्यापेक्षा अवघड गेलं. आपण इंग्रजी डोळ्यांनी शिकतो, त्यामुळे प्रत्येक शब्द सुटा सुटा ऐकू येईल अशी अपेक्षा असते. इथले लोक शब्द एकमेकांत मिसळून टाकतात, शब्दातल्या एका भागावर जोर देतात आणि बाकीचा गिळतात. ‘वॉटर’ म्हटलं तर दुकानदाराला कळेना, ‘वॉडर’ म्हटल्यावर लगेच बाटली दिली. ‘ट्वेंटी’चं ‘ट्वेनी’ होतं. आपलं मराठी बोलणं प्रत्येक अक्षराला सारखा मान देतं, त्यामुळे आपलं इंग्रजी आपल्याला स्वच्छ वाटतं आणि त्यांना सपाट. बाई टेबलावर टिचकी मारून जोर कुठे येतो ते दाखवायच्या. आम्ही सगळे त्या ठेक्यावर म्हणायचो. माझा उच्चार अमेरिकन व्हावा अशी माझी मुळीच इच्छा नाही आणि बाईंनीही ती कधी धरली नाही. समोरच्याला पहिल्या खेपेत कळावं, एवढंच माप त्यांनी ठेवलं होतं.

माझ्यासाठी सगळ्यात कामाचा ठरला तो फोनचा सराव. दोन खुर्च्या पाठीला पाठ लावून ठेवायच्या. चेहरा दिसत नाही, हातवारे चालत नाहीत, ओठ वाचता येत नाहीत. एकाने दवाखाना व्हायचं, दुसऱ्याने पेशंट. बाईंनी काही वाक्यं तयारच करून दिली होती: कृपया सावकाश बोला, तुम्ही मंगळवार म्हणालात ना, मी परत वाचून दाखवते. आम्हा शिक्षकांना वाटतं भाषा म्हणजे शब्दसंग्रह. फोनवर शब्दांपेक्षा ही तीन-चार वाक्यं जास्त उपयोगी पडतात, कारण त्यांनी संभाषणाचा लगाम आपल्या हातात येतो. एक कोरियन गृहस्थ आहेत, बरीच वर्षं त्यांनी इथे कपडे धुवायचं दुकान चालवलं. गिऱ्हाइकाशी लागतं तेवढं इंग्रजी त्यांना तोंडपाठ. पण पाठमोरं बसवल्यावर त्यांचीही वाचा बसली. मग सावकाश बोला हे वाक्य त्यांनी इतक्या ठामपणे म्हटलं की सगळ्या वर्गाने टाळ्या वाजवल्या.

हे गृहस्थ नागरिकत्वाच्या मुलाखतीची तयारी करत होते. साधारणपणे ग्रीन कार्डाला पाच वर्षं झाली की अर्ज करता येतो. अधिकारी इंग्रजीत अर्जावरचे प्रश्न विचारतो, एक वाक्य वाचून दाखवावं लागतं, एक लिहून दाखवावं लागतं, शिवाय देशाच्या इतिहासाचे आणि कारभाराचे प्रश्न. वयाची 55 आणि ग्रीन कार्डाची 15 वर्षं पूर्ण असतील तर इंग्रजीची अट माफ होते आणि प्रश्न आपल्या भाषेत देता येतात. त्यांना ती सवलत लागू होती. त्यांनी घेतली नाही. एवढी वर्षं इथे काढली, तर शेवटची मुलाखत इथल्या भाषेत देईन, असं त्यांनी आम्हाला सांगितलं. सावकाश, एकेक शब्द निवडून. मला त्या माणसाबद्दल फार आदर वाटतो. ज्यांनी सवलत घेतली त्यांच्याबद्दल कमी आदर वाटतो असं मात्र नाही. दोन-दोन पाळ्या करणाऱ्या बाईला सकाळच्या वर्गाला येणं कसं जमावं?

वर्गाची ही एक मर्यादा मला सलते. ज्यांना इंग्रजीची सगळ्यात जास्त गरज आहे, हॉटेलात भांडी घासणारे, दुसऱ्यांच्या घरी म्हातारी माणसं सांभाळणाऱ्या बायका, ते या टेबलावर कमी दिसतात. येतात ते पुष्कळसे आमच्यासारखे आजीआजोबा, किंवा मुलांना शाळेत सोडून आलेल्या आया. दुसरी अडचण गटाची. नवखा आणि सराईत एकाच टेबलावर असतात, सराईत माणूस बोलत सुटतो आणि नवखा नुसता ऐकतो. बाई हे फार कौशल्याने सांभाळतात, पण त्यांच्याही हातात एकच तास असतो. आणि स्वयंसेवक आजारी पडला की तो वर्ग त्या दिवशी होत नाही.

गोळ्यांचा फोन आता मीच करते. महिना आधी, मग दिवस. नातवाच्या शाळेत पालकसभा होती तेव्हा मुलगा-सून दोघंही कामावर होते, मी गेले. त्याच्या शिक्षिकेला सांगितलं की मीही शिक्षिका आहे, आणि मग आम्ही नातवाचं अक्षर, त्याची वाचनाची गती यावर बोललो. मी ‘होते’ म्हणायला हवं होतं, पण ‘आहे’च तोंडात आलं आणि मी ते तसंच ठेवलं.

ज्यांचे आईवडील इकडे राहायला आले आहेत त्या मुलांना एक सांगावंसं वाटतं. पहिल्या दिवशी सोबत जरूर जा, कार्ड काढून द्या, खोली दाखवा. मग निघून या. आमच्या टेबलावर एकदा एक मुलगा आईच्या शेजारी बसला होता, चांगल्या मनाने. बाईंनी काही विचारलं की आई त्याच्याकडे बघायची आणि तो उत्तर द्यायचा. पुढच्या वेळी तो खाली पुस्तकं चाळत थांबला आणि आई बोलली.

यजमानांना मी खूप ओढलं, ते येत नाहीत. त्यांचं देवळात मन रमतं, आणि ते ठीक आहे.

माझ्या डोक्यात मात्र वेगळंच सुरू झालं आहे. महाराष्ट्रात 1967 साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला; अ, ब, क, ड अशा दर्जांनुसार गावोगावच्या वाचनालयांना अनुदान मिळतं. आमच्या तालुक्याच्या वाचनालयात सकाळी पेपर वाचणारे असतात, अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षांची मुलं असतात, आणि दुपारी सभागृह रिकामं असतं. इंग्रजी संभाषणाचा तास तिथे घेता येईलच. पण मला त्याहून निकडीचं दुसरं वाटतं. कुपवाडच्या एमआयडीसीत, द्राक्षबागांत बिहार-उत्तर प्रदेशाकडची माणसं कामाला आली आहेत, काहींनी कुटुंबं आणली आहेत. त्या बायका दवाखान्यात केसपेपर काढताना, मुलाच्या शाळेत दाखला मागताना नेमक्या तशाच अडत असणार जशी मी त्या फोनवर अडले. हिंदीवर काम निभतं, पण शेजारणीशी ओळख हिंदीवर होत नाही. त्यांच्यासाठी मराठी बोलायचा तास वाचनालयाने का घेऊ नये? फुकट, पुस्तकाशिवाय, परीक्षेशिवाय.

मी ग्रंथपालांना आणि माझ्या दोन निवृत्त मैत्रिणींना पत्र लिहिलं आहे. येत्या हिवाळ्यात दोन महिने गावी असेन. मैत्रिणी तयार आहेत. एकीने विचारलं, त्यांना व्याकरण कोण शिकवणार? तिला लिहिलं, पहिल्या दिवशी बाजारातली भाजी आणू, कारलंही आणू, आणि त्यांच्याकडे ते कसं करतात ते विचारू. सभागृहासाठी समितीची परवानगी अजून यायची आहे. अध्यक्षांना विनंतीचं दुसरं पत्र कालच पाठवलं.